मुरलीकांत पेटकरांचे पदक आणि आपल्या घरातली खाट

'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट २०२४ च्या जूनमध्ये येऊन गेला आणि त्यानंतर बरेच दिवस माझ्या दवाखान्यात एकच प्रश्न येत राहिला. "डॉक्टर, कमरेखाली लुळा पडलेला माणूस खरंच पोहू शकतो का हो? का सिनेमावाल्यांनी आपलं काहीतरी रचून दाखवलं?" विचारणारे शिरूरचे होते, दौंडचे होते, मधल्या भीमाकाठच्या गावांचे होते. काही नुसत्या कुतूहलाने विचारत. पण दोघातिघांच्या घरी खरोखरच तसा रुग्ण खाटेवर पडून होता आणि त्यांच्या प्रश्नामागे आशा होती. म्हणून आजचा लेख.

चित्रपटात काय खरे आणि काय रंगवलेले, या वादात मी पडत नाही. माणूस खरा आहे आणि पदकही खरे आहे. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातील पेठ गावचे. जन्म १ नोव्हेंबर १९४४. सैन्याच्या ईएमई या तांत्रिक दलात ते भरती झाले आणि तेथे मुष्टियोद्धा म्हणून नावारूपाला आले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात त्यांच्यावर दीर्घकाळ उपचार झाले. पाण्यात उतरण्याचा सल्ला त्यांना उपचाराचा भाग म्हणून मिळाला, पदक मिळवण्यासाठी नव्हे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे यायचे आहे.

१९६८ साली ते तेल अवीवच्या पॅरालिंपिकला गेले ते टेबल टेनिस खेळायला. १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत पोहण्याचे सुवर्ण मिळाले. परदेशवारीच्या खर्चासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचा हातभार लागला. आणि ऑगस्ट १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार केली. तो त्या गटातला जागतिक विक्रम होता. भारताला पॅरालिंपिकमध्ये मिळालेले हे पहिलेच पदक, आणि तेही सुवर्ण. त्यानंतरचे सुवर्ण मिळायला २००४ साल उजाडावे लागले, ते अथेन्सला देवेंद्र झाझडिया यांनी भालाफेकीत मिळवले. मधली ३२ वर्षे हा मान एकट्या पेटकरांकडे होता आणि आपल्यापैकी किती जणांना त्यांचे नाव ठाऊक होते? पुढे त्यांनी पुण्याच्या टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री २०१८ साली मिळाली. अर्जुन पुरस्कारासाठी पूर्वी त्यांनी केलेली मागणी मान्य झाली नव्हती, तो जीवनगौरव म्हणून जानेवारी २०२५ मध्ये त्यांना दिला गेला. तेव्हा त्यांचे वय ८० होते.

आता पोहण्याच्या प्रश्नाकडे. पायांवाचून माणूस पोहतो कसा? आपल्याकडे पोरे विहिरीत शिकतात. पाठीला वाळलेला भोपळा, नाहीतर पांगाऱ्याचे लाकूड, अलीकडे प्लॅस्टिकचा डबा. पहिल्या दिवशी पोर नुसते पाय झाडते आणि सगळ्यांच्या अंगावर पाणी उडवते. त्यामुळे पोहणे म्हणजे पाय मारणे, असा आपला समज झालेला असतो. प्रत्यक्षात फ्रीस्टाइलमध्ये पुढे जाण्याची बहुतेक ताकद हात आणि खांदेच देतात. पायांचे मुख्य काम शरीर पाण्याला समांतर ठेवण्याचे. ज्याचे पाय लुळे आहेत त्याला हा तोल डोके, श्वास आणि पोटाच्या स्नायूंनी सांभाळायला शिकावे लागते. कठीण आहे, अशक्य मुळीच नाही. त्यातून मुष्टियोद्ध्याचे खांदे असतील तर काय सांगावे!

शिवाय पाणी माणसाचे वजन उचलते. छातीइतक्या पाण्यात उभ्या माणसाच्या शरीराचे निम्म्याहून अधिक वजन पाणी पेलते. ज्याला जमिनीवर कूस बदलायला दोन माणसे लागतात, तो पाण्यात एका हाताच्या आधारावर वळतो. कोमट पाण्यात लुळ्या पायांचा ताठरपणा, त्यांचे अचानक आखडणे सैल पडते. श्वासाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो. आणि एक गोष्ट कुठल्या यंत्रात मोजता येत नाही. पडून राहिलेल्या माणसाला कितीतरी दिवसांनी कोणी न उचलता हलता येते. त्या वेळचा चेहरा मी पाहिलेला आहे.

पण थांबा. लगेच रुग्णाला उचलून विहिरीवर नेऊ नका. पेटकर पाण्यापर्यंत पोहोचले, कारण त्याआधी रुग्णालयात त्यांना कोणीतरी जिवंत ठेवले होते. पदकाची गोष्ट सांगताना सगळे जण हा भाग गाळतात. माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे.

पाठीच्या कण्याच्या आत मज्जारज्जू असतो. त्याला इजा झाली की इजेच्या खालची हालचाल जाते, तशी जाणीवही जाते, आणि लघवी-शौचावरचा ताबाही जातो. पहिल्या महायुद्धात असे जखमी झालेले बहुतेक सैनिक मेले. ते कण्याच्या जखमेने मेले नाहीत. पाठीवरच्या कुजलेल्या जखमा आणि लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग यांनी ते गेले. जर्मनीतून परागंदा व्हावे लागलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे अशा रुग्णांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. त्यांनी कुठले चमत्कारी औषध शोधले नाही. दिवसा आणि रात्री दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदला, लघवीची स्वच्छता पाळा, आणि त्याला खाटेवरून उठवून कामाला, खेळाला लावा, एवढाच त्यांचा हट्ट होता. रात्री परिचारिका खरेच कूस बदलतात का, हे ते स्वतः जाऊन पाहत असे सांगतात. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा रुग्णालयाच्या हिरवळीवर घेतली. त्यातूनच १९६० ची रोमची स्पर्धा झाली, ती आज पहिली पॅरालिंपिक म्हणून गणली जाते. म्हणजे पाहा, पॅरालिंपिक जन्मली रुग्णालयात आणि तिचा पाया आहे कूस बदलणे!

आपल्याकडे काय होते? आपल्या दोन तालुक्यांत कण्याला इजा होण्यासाठी युद्ध लागत नाही. चिंच झोडायला चढलेला माणूस फांदीसकट खाली येतो. विहिरीचे काम करताना दगड कोसळतो. उसाची ट्रॉली उलटते. पुणे-नगर रस्त्यावर आणि सोलापूर रस्त्यावर मोटारसायकलींचे काय चालते ते सांगायला नको. आणि वैशाखात विहिरी आटल्या, भीमा आणि घोड खाली गेल्या, की पोरे मागच्या वर्षीच्या भरवशावर काठावरून डोक्याकडून सूर मारतात. पाणी कमरेइतके असते, डोके तळावर आपटते, मान मोडते आणि सतरा-अठरा वर्षांचा मुलगा क्षणात हातापायांनी लुळा होतो. मुटका मारणारा एक वेळ पाय मोडून घेईल. सूर मारणारा मान मोडतो. शाळांमधून हे एप्रिलमध्येच सांगितले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

अपघातानंतरचा पहिला अर्धा तास फार मोलाचा असतो, आणि आपण नेमका तोच नासवतो. लोक धावत येतात, जखमीला काखेत धरून बसवतात, पाणी पाजतात, मग दोन पाय दोन खांदे धरून झोळीसारखे उचलून जीपमध्ये कोंबतात. हेतू चांगला असतो. पण मोडलेला मणका त्या हिसक्याने सरकतो आणि अर्धवट इजा झालेला मज्जारज्जू पूर्ण चेचला जाऊ शकतो. त्याला बसवू नका. डोके, मान आणि पाठ एका सरळ रेषेत धरून, चार-पाच जणांनी एकाच वेळी उचलून फळीवर किंवा काढलेल्या दारावर सरळ ठेवा. मानेच्या दोन्ही बाजूंना कपड्याच्या गुंडाळ्या लावा. १०८ ला फोन करा. पाण्यातला जखमी असेल तर तो श्वास घेत आहे ना हे आधी पाहा. श्वास चालू असेल, तर तोंड वर ठेवून त्याला पाण्यावरच तरंगत धरा आणि फळी येईपर्यंत हाताला धरून काठावर ओढू नका.

आता त्या खाटेकडे येतो. दौंड तालुक्यातल्या एका वस्तीवर मला असा एक तरुण पाहायला बोलावले होते. शस्त्रक्रिया होऊन सात-आठ महिने झालेले. "पाठीचं ऑपरेशन झालं, आता देवाच्या हातात," असे सांगून घरी पाठवले, अशी वडिलांची समजूत. पडवीच्या कोपऱ्यात खाट, खाटेवर गोधडी, लघवीची नळी कित्येक आठवडे बदललेली नाही, आणि माकडहाडावर मूठभर खोल जखम. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला. आई म्हणाली, "त्याला काही दुखत नाही हो, म्हणून आम्हाला कळलंच नाही." मी म्हटले, "माई, दुखत नाही हाच तर आजार आहे." ज्या कातडीला जाणीव नाही ती तक्रार करत नाही. तुम्हीच रोज बघायला पाहिजे. आरसा घेऊन बघा, सकाळ-संध्याकाळ बघा. तांबडा डाग दिसला की त्या अंगावर भार देणे त्याच दिवशी बंद. थंडीत पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी देऊ नका, भाजलेले त्याला कळणार नाही. कायमची नळी ठेवण्यापेक्षा बहुतेकांना दिवसातून चार ते सहा वेळा स्वच्छ नळी घालून लघवी काढणे अधिक सुरक्षित पडते. हे घरच्यांना आणि बहुतेक वेळा खुद्द रुग्णाला शिकता येते. शरम बाळगू नका. आणि छातीच्या वर इजा असलेल्या रुग्णाचे डोके एकाएकी ठणकू लागले, तोंड लाल होऊन घाम फुटला, तर त्याला उठवून बसवा आणि लघवी तुंबली आहे का ते पाहा. रक्तदाब धोकादायकरीत्या वाढलेला असतो. कारण दूर करूनही तो उतरला नाही तर तातडीने दवाखाना गाठा.

त्या मुलाचे वडील मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हा पोहेल का हो त्या सिनेमातल्यासारखा?" मी म्हटले, "आबा, आधी ही जखम भरू द्या. मग बसेल. मग चाकाच्या खुर्चीवर अंगणात येईल. पाणी त्यानंतर."

ही पायरी सोडून चालत नाही. अंगावर उघडी जखम, लघवीचा संसर्ग, ताप किंवा आटोक्यात नसलेली फिट असेल तर पाण्यात उतरायचे नाही. विहीर नको, कारण पाणी गार, पायऱ्या निसरड्या, आणि मज्जारज्जूची इजा वरच्या भागात असेल तर शरीराला स्वतःचे तापमान सांभाळता येत नाही. कालव्याचे वाहते पाणी तर मुळीच नको. भीमेबद्दल काय बोलावे? मुळा-मुठा पुण्याची घाण घेऊन तिला मिळते आणि तेच पाणी दौंडकडे येते. त्यात निरोगी माणसानेही उतरताना विचार करावा. उथळ, स्वच्छ, शक्य तर कोमट पाण्याचा तलाव हवा. जॅकेट घालून, पोहता येणारा माणूस शेजारी ठेवून, डॉक्टरांना विचारून, आतडे आणि मूत्राशय रिकामे करून सुरुवात करावी. पायात मोजे घालावेत. तलावाच्या खरखरीत फरशीवर जाणीव नसलेली बोटे सोलून निघतात आणि तीच पुढची जखम ठरते. या बारीकसारीक गोष्टी सिनेमात येत नाहीत.

पोहणे हे फक्त सैनिकांचे किंवा शहरवाल्यांचे काम आहे, असेही कोणी समजू नये. दौंडहून सोलापूरकडे जाणारी गाडी जेऊरला थांबते, तो करमाळा तालुका. तिथल्या सुयश जाधवला २००४ साली शाळकरी वयात विजेचा धक्का बसला आणि दोन्ही हात कोपराखाली काढावे लागले. पोहणे त्याच्या घरातच होते, वडील स्वतः पोहणारे. २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकमध्ये तो उतरला, २०१८ ला जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण घेतले आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. त्याच जकार्ता स्पर्धेत फिलिपिन्सच्या एर्नी गाविलानने पोहण्यात आपल्या देशाला या स्पर्धेतले पहिले सुवर्ण मिळवून दिले. त्याचे पाय जन्मतःच वाढलेले नव्हते. एकाला पंजे नाहीत, एकाला पाय नाहीत, पाणी दोघांनाही चालले. आणि शिरूरच्या वाचकांना शेजारच्या नगरची आठवण करून देतो. दीपा मलिक तिथेच राहत होत्या. १९९९ साली मणक्यातल्या गाठीमुळे छातीखाली लुळ्या पडल्यावर त्यांनी खेळाची सुरुवात पोहण्यापासून केली आणि २०१६ ला रिओत गोळाफेकीचे रौप्य जिंकले. पॅरालिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

या सगळ्यांत एक साम्य आहे, ते मला बोचते. पेटकर आणि दीपाताई यांच्यामागे सैन्याची रुग्णालये होती. सुयशच्या मागे पोहणारे वडील होते. खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उत्तम काम करत आहे, पण ते सैनिकांसाठी. शेतमजुराने कुठे जावे? मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे जरूर जावे. पण नळी घालायला शिकण्यासाठी दौंडच्या माणसाने मुंबई गाठायची, हे काही पटत नाही. ग्रामीण रुग्णालयातली एक परिचारिका हे प्रशिक्षण घेऊन आली, तर दोन्ही तालुक्यांतल्या अशा सगळ्या घरांना ती पुरेल. ५२ वर्षांनी पुरस्कार देणाऱ्या सरकारला मी नावे ठेवू शकतो, पण गावाची जबाबदारी त्याने संपत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे धरली आहेत, त्यात खेळ-करमणुकीचा हक्कही स्पष्ट लिहिला आहे. ('अपंग' जाऊन 'दिव्यांग' शब्द आला. शब्द बदलला याला माझी हरकत नाही, पण उंबरठा तेवढाच उंच राहिला.) आपल्या राज्यात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बहुतेक ठिकाणी माणशी थोडी रोख रक्कम नाहीतर एखादी वस्तू वाटून, फोटो काढून हे काम उरकते. माझे म्हणणे असे की, ज्या गावात मणक्याचा रुग्ण आहे तिथे त्या पैशातून आधी हवेची गादी, महिन्याला लागणाऱ्या लघवीच्या नळ्या आणि घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत चाकाची खुर्ची जाईल असा सिमेंटचा उतार द्यावा. नगरपालिकांनी आणि शाळा-महाविद्यालयांनी पुढे तलाव बांधताना एका कडेला उतार आणि कठडा ठेवावा. तलाव बांधतानाच ते केले तर खर्च फारसा वाढत नाही, नंतर फोडून करायला मात्र पैसे मिळत नाहीत.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर त्याचे दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड आधी काढून घ्या, मागणीचा अर्ज दोन प्रतींत लिहा आणि एका प्रतीवर ग्रामसेवकाची पोच घ्या. शक्य असेल तर रुग्णाला खुर्चीवर बसवून सभेलाच न्या, म्हणजे चावडीच्या पायऱ्या किती आहेत हे सगळ्यांनाच दिसेल.